सुरुंगाआधीची हाळी

आमच्या वावरात विहीर आहे. ती खणली देऊळघाटच्या मिस्त्रीनं, पाणी लागलं ते नशिबानं, आणि गावात तिचं सगळं श्रेय घेते माझी बायको. माझ्या वाट्याला त्या कामातलं एकच काम आलं, ते म्हणजे ओरडायचं. ते मी असं केलं की नाल्यापलीकडची माणसं अजून माझ्या आवाजाची नक्कल करतात. करू देत. परेडच्या मैदानावर घासलेला आवाज आहे तो, कुणाला फुकटात मिळत नाही.

मी फौजी. मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यातला, घाटाखालचा. तरुणपणी मी डोंगरावरच्या एका लढाईत होतो. तिच्याबद्दल इथं फार लिहिणार नाही. शाळेत दर झेंडावंदनाला त्यावर माझी भाषणं झाली आहेत, आणि त्या भाषणांत मी बहुतेक थंडीबद्दलच बोललो आहे. लढाईतून मी धडधाकट परत आलो. हात, पाय, डोळे, सगळं जागच्या जागी. बायकोनं दारातच मला पायापासून डोक्यापर्यंत निरखून घेतलं आणि मग देवापुढं दिवा लावला. माझ्यासोबत आणखी काय घरात आलं होतं ते तिला दिसलं नाही. मलाही नाही.

ते दिसायला वेळ लागला. कुकरची शिट्टी झाली की मी भिंतीला पाठ लावून उभा. लग्नात फटाक्यांची लड लागली की भरलं ताट सोडून मांडवाबाहेर. झोपेत हिंदीतून हुकूम सोडायचो, तेही असे की शेजारचं कुत्रं उठून बसायचं. आधी लोक हसायचे. मग हसणं बंद झालं, आणि ते जास्त वाईट होतं. माणसं माझ्यासमोर हळू बोलायला लागली, जसं घरात कुणी आजारी असल्यावर बोलतात. एका मावशीनं दर्ग्यावर न्यायला सांगितलं, एका मित्रानं देशीचा उपाय सुचवला. मी दोन्ही करून पाहिलं. दर्ग्यावर निदान निवांत बसायला मिळालं. शेवटी बुलडाण्याच्या एका डॉक्टरनं आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि अधूनमधून नुसतं बोलायला बोलावलं. त्या गोळ्या मी अजून घेतो. ज्याला त्यात लाज वाटते त्यानं चष्माही लावू नये. बायकोनं त्या इंग्रजी नावाचं घरापुरतं सुटसुटीत करून टाकलं: धसका.

एका दुपारी मी ओसरीवर झोपलो होतो. पोरगी तेव्हा शाळकरी होती. परीक्षेचे मार्क सांगायला ती धावत आली आणि मागून येऊन तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी जागा झालो तेव्हा तो हात माझ्या मुठीत पिरगळलेला होता आणि बायको माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. पोरीचा हात प्लास्टरमध्ये गेला. शाळेत तिनं झोक्यावरून पडले म्हणून सांगितलं.

मी पेटी भरली. फौजेतली काळी पत्र्याची पेटी, सगळे फौजी घेऊन फिरतात तसली. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून उभा राहिलो आणि एका खोलीत एकटा राहू लागलो. तिथं माझ्या हाताला लागेल असं कुणी नव्हतं, म्हणून ती खोली मला आवडायची. सणावाराला घरी यायचो, पाहुण्यासारखा, आणि जेवून लवकर निघायचो. वर्षं अशीच गेली.

पोरगी कॉलेजला गेली त्या सुमाराला बायकोचा फोन आला. तिला फोनवर प्रस्तावना जमत नाही.

“इहीर खोदाची हाये. तुमी घरी या.”

“खोदून घे ना. मी येऊन काय करू?”

“मी काय एकटी मिस्त्रीच्या मांगं मांगं फिरू? अन् आयका, आता परत जाचं नाई. इहीर झाली का बागायत व्हते, बागायत झाली का घरचा माणूस लागते. तो माणूस तुमी.”

“अन् सुरुंग?”

“सुरुंग तं लागनच. खाली काळा दगड हाये.”

मी आलो, पण पेटी उघडली नाही. खाटेखाली तशीच सरकवून ठेवली. विहीर पुरी होईपर्यंत टिकलो तर घर माझं, नाही टिकलो तर फाटक माझं, आणि मग कायमचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बायकोला हे सांगायची गरज पडली नाही. झाडताना तिनं पेटी सरकवली, वजन पाहिलं आणि परत जागेवर ठेवली.

मिस्त्री घाट उतरून आला तो मोठ्या थाटात. पुढं कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर, मागं दगड वर काढायची यारी, आणि तोंडात तंबाखू. बाप-आजापासून त्यांच्या घरात विहिरीचंच काम. त्याच्या बोलण्यात प्रत्येक विहिरीला त्यानं हात लावल्याबरोबर पाणी लागलेलं असायचं, आणि कोरड्या गेलेल्या सगळ्या विहिरी दुसऱ्या मिस्त्रीच्या असायच्या. मला तो पहिल्या दिवसापासून ‘फौजीसाब’ म्हणू लागला आणि मी त्याला मनात ‘बढाईखोर’ म्हणू लागलो.

माती आणि मुरूम सरळ निघाला. मग काळा दगड लागला आणि सुरुंगाचे दिवस सुरू झाले. काम कसं चालतं ते मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभा राहून पाहिलं. दगडात भोकं पाडायची, त्यांत दारूचे तोटे भरायचे, वायर वर ओढायची. सगळी माणसं वर आली की मिस्त्री उपसलेल्या दगडांच्या ढिगावर चढायचा, तोंडाभोवती हात धरायचा आणि चारी बाजूंना हाळी द्यायचा: “सुरुंग हायेऽऽ! दूर व्हाऽऽ!” मग थांबायचा. आजूबाजूच्या वावरांतून “हाव!” असं उत्तर आलं की मगच वायर बॅटरीला लागायची. उडाल्यावरही लगेच कुणी खाली जायचं नाही. धूर निवाला की मिस्त्री एकटा दोरावरून उतरणार, एकूण एक भोक पाहणार, आणि मग बाकीच्यांना बोलावणार.

“एखांदा तोटा मुका रायते ना साब,” तो म्हणाला. “तो सांगून थोडी उडते? म्हून पैले मी उतरन, मंग बाकीचे.” सख्खा भाऊ त्याच्या हाताखाली होता, त्यालाही तो आधी उतरू द्यायचा नाही. बढाईखोर असला तरी माणूस चोख होता.

पहिली हाळी झाली तेव्हा माझं तोंड पांढरं पडलं असणार. मी वळलो, धुऱ्यावरच्या कडुनिंबापाशी गेलो, बुंध्याला पाठ टेकवून बसलो आणि दात आवळले. सुरुंग उडाला. जमीन पोटापर्यंत हलली. थोड्या वेळानं मी उठलो, पँटला लागलेली माती झटकली आणि स्वतःच्या पायानं परत आलो. मी त्या दिवशी जास्तीची भाकरी खाल्ली. इतक्या वर्षांत एवढा मोठा आवाज मी जागेवर बसून पचवला नव्हता, आणि मला शाबासकी हवी होती.

बायकोनं मात्र पाहिलं फक्त माझं तोंड, तेही हाळीच्या वेळचं. आमच्याकडची माया अशीच असते. दुखतंय कुठं ते विचारत नाहीत. तोंड जिथं वाकडं झालं तिथं मलम लावून मोकळे. ती माझ्या माघारी मिस्त्रीकडं गेली आणि म्हणाली, “तुमी वरडू नोका. वरडलं का आमच्या माणसाचं तोंड उतरते. हातानं खुना करा.” मिस्त्रीनं मान डोलावली. मजुरांना सांगितलं, शेजारच्या वावरवाल्यांना सकाळीच निरोप दिला. सगळ्यांना कळवलं, एक मी सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तुरीच्या कडेला जेवायला बसलो होतो. तिनं फडकं सोडलं, भाकरी काढली, ठेच्याचा डबा उघडला. तुरीला फुलं होती. त्यानंतर मला एकदम आठवते ती तूर जमिनीवरून पाहिलेली. बायको माझ्याखाली होती. माझा पंजा तिच्या तोंडावर दाबलेला, तिच्या बांगड्यांचे तुकडे माझ्या मनगटात रुतलेले, आणि मी हिंदीतून तिला डोकं खाली ठेवायला सांगत होतो. वर धूर, आणि ढिगाजवळ मिस्त्री उभा, हातात हलवलेला गमछा तसाच. मजुरांपैकी कुणी हललं नाही.

बायकोनं माझा पंजा हळूच बाजूला केला. “उठा,” ती म्हणाली. “भाकर मातीत गेली.”

मी उठलो, सरळ घरी गेलो आणि खाटेखालून पेटी ओढली. भरायचं काही नव्हतंच, भरलेलीच होती. पोरगी त्या दिवशी घरी होती. दारात येऊन उभी राहिली.

“कुठं चालले बाबा?”

“फाटकावर.”

ती पेटीकडं पाहत राहिली. मग म्हणाली, “आज हाळी काऊन नाई झाली? काल मले घरी आयकू आली व्हती. आज नुसता धमाकाच झाला.”

मी पेटी खाली ठेवली. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल जे मी बसून पचवलं होतं तेच आज मला तुरीत लोळवून गेलं, आणि दोन्हींत फरक एवढाच होता. मला जो राग आला तो आजही आठवला तरी बरं वाटतं. कित्येक वर्षांत मी भ्यायलो होतो, थिजलो होतो, पळालो होतो. इतका स्वच्छ राग मात्र आला नव्हता. मी पेटी उचलून खांद्यावर टाकली आणि तिच्यासकट वावराकडं निघालो. पेटी कशाला घेतली ते विचारू नका, रागात माणूस हातात असेल ते नेतो.

“हाळी काऊन नाई दिली बे?” मी धुऱ्यावरूनच ओरडलो.

मिस्त्रीनं लगेच बायकोकडं बोट केलं. “भाभीनंच मना केलं साब! खुदा की कसम!”

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हाव, म्याच सांगतलं. तुमच्यासाठीच सांगतलं. हाळी झाली का तुमचं तोंड...”

“माहं तोंड जाऊ दे ना चुलीत!” मी म्हणालो. “हाळी झाली का मले समजते का आता व्हनार हाये. मी झाडापाशी जातो, पाठ टेकवतो, अन् ते होऊन जाते. तिकडं डोंगरावर आपल्या तोफा वाजाच्या तवा आमाले आधी वायरलेसवर खबर याची. त्या शेजारी वाजत अन् आमी चहा पेत. मले त्याईनं काई नाई केलं. मले ज्यानं मोडलं ते न सांगता आलं होतं. अन् तुमी सारे मिळून माह्यासमोर गपचूप चालून राह्यले, गपचूप बोलून राह्यले, अन् आता सुरुंगबी गपचूप?”

एवढं लांब मी डॉक्टरसमोरही कधी बोललो नव्हतो. मिस्त्री दुखावल्या आवाजात म्हणाला, “मंग तुमीच मारा ना हाळी. माहा गळा तसाबी तमाखूनं बसला.”

मी पेटी ढिगाजवळ आपटली आणि तिच्यावर चढलो.

उन्हं उतरायच्या आधी दुसरा सुरुंग होता. मजूर वर आले, वायर ओढली गेली. मी छाती भरून घेतली आणि हाळी दिली. नाल्यापलीकडून “हाव!” आलं, वरच्या वावरातून आलं, आणि कुणीतरी तिकडून “कोन मेलं बे?” असंही विचारलं. मी हात वर केला, मिस्त्रीनं वायर लावली. माझे गुडघे लटलटले, आणि खाली पत्र्याची पेटी असल्यानं त्यांचा खडखडाट सगळ्यांना ऐकू गेला. पण मी खाली उतरलो नाही. पेटीला त्या दिवशी पडलेला पोचा अजून आहे.

त्यानंतर हाळीचं काम माझंच झालं. कडुनिंबाकडं जाणं आपोआप सुटलं. माझ्या हाळीवर आजूबाजूच्या बाया शिदोऱ्या सोडू लागल्या. घरात तर कहरच झाला. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “शिटी व्हनार हाये होऽऽ!” पोरगी म्हणायची, “मिक्सर लावून राह्यली बाबा!” दार लावायचं तरी सांगून. एकदा पाहुणे चहाला बसले होते. बायको आतून “भांडे पाडते होऽऽ” म्हणाली आणि खरंच पाडली. पाहुण्यांनी चहा संपवला नाही. शेजाऱ्याकडं नवा ट्रॅक्टर आला तेव्हा तो आधी माझ्या दारात आला. “फौजी, लड लावतो, चालन ना?” मी म्हटलं, लाव. आणि ओसरीत बसून ती अख्खी लड ऐकली. घाम फुटला, पण ऐकली. मला वाटायला लागलं की जिंकलं.

मग एक दिवस, हाळीबिळी काही नाही, पोरीच्या हातून चमचा पडला आणि मी समोरचं ताट भिंतीवर फेकलं. वरणाचा ओघळ खाली येत राहिला. पोरगी आत गेली. बायको भिंत पुसत होती, पाठमोरीच म्हणाली, “आमी कुकर सांगतो, मिक्सर सांगतो, दार सांगतो. तुमचा सुरुंग काऊन मुका रायते? तुमाले सकाळपासून मालूम असते. हो का नाई?”

होतं. मला मालूम होतं. त्या दिवशी सकाळीच मान आखडली होती, माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. असा दिवस मला उठल्या उठल्या ओळखू येतो, आणि तो मी इतकी वर्षं तोंड मिटून लपवत आलो.

“सांगून काय व्हईन?” मी म्हणालो. “तुमी दूर व्हसान.”

तिनं फडकं पिळलं आणि परत भिंत पुसू लागली. मला हाळीचा तो एकच अर्थ ठाऊक होता, दूर व्हा. पुण्याच्या खोलीत मी तेवढंच केलं होतं, सगळ्यांना न सांगता दूर ठेवलं होतं.

तूर निघाली, डाळ झाली, आणि विहिरीच्या उगवतीच्या अंगाला कपारीतून पाणी लागलं. त्या सकाळी बायको ढिगाजवळ आली आणि म्हणाली, “पेटी द्या आता. डाळ भराले पाह्यजे.”

मी म्हटलं, “थांब. आज शेवटचा सुरुंग हाये.” खरं म्हणजे फाटकावर न्यायचे कपडे अजून पेटीतच होते.

शेवटचा सुरुंग झाला, पाण्याचा झोत मोठा झाला. नारळ फुटला, गूळ वाटला, आजूबाजूचे सगळे गोळा झाले. मिस्त्री आपलंच कौतुक करत होता. आणि विहिरीतून ओल्या दगडाचा आणि जळलेल्या दारूचा मिसळलेला वास वर आला. तो वास मी तिकडं, बर्फ वितळताना घेतला होता. माझी मान आखडली. माणसं लांब जायला लागली, जागची न हलता. गुळाचा खडा माझ्या हातातच राहिला. आधीचा मी असतो तर लघवीचं निमित्त करून निघून गेलो असतो, नाहीतर कुणाची तरी गचांडी धरली असती.

मी पेटीवर चढलो. लोकांना वाटलं भाषण आहे, थंडीबद्दल. मी तोंडाभोवती हात धरले.

“आज माहा सुरुंग भरलाऽऽ! दूर व्हाऽऽ!”

कुणी हसलं नाही. मिस्त्रीनं आपली माणसं मागं घेतली, बायांनी लेकरं उचलली. नाल्यापलीकडून, सवयीनं, कुणीतरी “हाव!” म्हणून ओरडलं. मी खाली उतरलो, कडुनिंबाकडं गेलो, पाठ टेकवून बसलो. मग ते आलं. त्यात मी काय पाहिलं ते लिहीत नाही. मी रडलो, थरथरलो, कुणाकुणाला हाका मारल्या, आणि ते होऊन गेलं.

डोळे उघडले तेव्हा सगळे धुऱ्यापलीकडं उभे होते, सुरुंगाला उभे राहतात तितक्याच अंतरावर. मिस्त्रीनं दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं होतं. पोरगी त्याच्या हाताखालून पाहत होती. आणि बायको तुरीच्या खुंटांतून एकटी माझ्याकडं येत होती.

“भाभी, रुको,” मिस्त्री म्हणाला. “धूर निवू द्या.”

“पैले मी उतरन,” ती न थांबता म्हणाली. “मंग बाकीचे.”

ती वळसा घालून माझ्यासमोर आली, मला दिसेल अशी. खाली बसली. माझ्या डोळ्यांत पाहिलं, एकात, मग दुसऱ्यात.

“हात लावते हो,” ती म्हणाली, आणि मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथंच राहिला. माझे हात माझ्या मांडीवर होते आणि तेही तिथंच राहिले.

थोड्या वेळानं तिनं मान वळवून ढिगाकडं पाहिलं. “पेटी देता आता?”

नाल्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, “हाव!”